शोष सुधारला, पण त्याच्या नावे बाकी किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मध्येच येऊन वाचणाऱ्यालाही धागा लागेल. तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ चोपड्याकडचे. घरच्या कॉम्प्युटरवर टूडी अ‍ॅनिमेशनची सुपरहिरो मालिका करता, आठ-आठ मिनिटांचे भाग, आतापर्यंत पंधरा झाले. नायिका वाघूर, नववीतली मुलगी. ती हाक मारते आणि पाणी येतं. खलनायक शोष. जमिनीला तळहात लावला की खालचं पाणी ओढून घेतो. तापीकाठच्या दहा गावांच्या विहिरी त्याने कोरड्या केल्या. पंधराव्या भागात वाघूरचा धाकटा भाऊ कोरड्या विहिरीत पडतो. शोष साठवलेलं पाणी सोडून त्याला वर आणतो, मग ढसाढसा रडतो, आपलं गाव धरणात कसं बुडालं ते सांगतो. वाघूर त्याला माफ करते आणि शेवटच्या शॉटमध्ये तो तिच्या घरी कानबाईच्या सणात रोटांच्या पंगतीला बसलेला दिसतो. त्यावर लोकांनी लिहिलं, "फुकटात सुटला." आता तुम्ही विचारता: सुधारणा पटायला किती भाग लागतात? त्याची मागची गोष्ट आधीपासून पेरायला हवी होती का? की त्याला मारूनच टाकायला हवं होतं?

मी वीसेक वर्षं मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिका लिहितोय. आधी हैदराबाद, मग मुंबई, आता परत जळगाव. तुमचे पंधरा भाग काल रात्री सलग पाहिले. वाघूरचं अर्धं अहिराणी, अर्धं शाळेतलं मराठी ऐकून आमच्या घरात सगळे खूश. तेव्हा पुढे जे लिहितोय ते काम आवडलेल्या माणसाचं आहे, हे धरून वाचा.

तुमचे तिन्ही प्रश्न शोषच्या मनाबद्दल आहेत. तो कधी बदलला, का बदलला, बदल खरा वाटतो का. लोकांची तक्रार मनाबद्दल नाहीच. तो रडला ते खरं होतं, हे बहुतेकांना पटलंय. "फुकटात" हा शब्द पाहा. तो बाजारातला शब्द आहे. शोषने काय काय नासवलं याचा हिशेब तुम्ही ठेवला नाही, पाहणाऱ्यांनी ठेवला होता, आणि पंधराव्या भागात तुम्ही त्यांच्या हातातली वही न बघताच मिटून टाकलीत.

ही वही मला कशी सापडली ते सांगतो, कारण मीही हीच चूक केली होती. सुरुवातीच्या काळात एका मालिकेत माझा खलनायक वादळ आणायचा. सव्विसाव्या भागात मी त्याला सुधारलं. पाऊस, गुडघ्यावर बसलेला तो, मागे सतारीचे सूर, सगळं यथासांग. अंतिम अ‍ॅनिमेशन करण्याआधी आम्ही अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट ओळीने लावून केलेला कच्चा भाग, साठेक मुलांना एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. त्याआधीचे निवडक भागही दाखवले होते. शेवटी विचारलं, काही शंका? तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "पण त्या आजीचं घर कोणी बांधून दिलं?"

कोणती आजी, मला आठवेना. स्क्रिप्टमध्ये आजी नव्हतीच. परत जाऊन भाग काढले. तिसऱ्या भागात वादळ गावावरून जातं तेव्हा चार सेकंदांचा एक शॉट आहे: एका घराचे पत्रे उडतात आणि दारात एक म्हातारी कपाळाला हात लावून बसलेली. बॅकग्राउंड करणाऱ्या मुलाने फ्रेम रिकामी दिसू नये म्हणून ती काढली होती. मी ते घर तेवीस भाग विसरून गेलो होतो. ती मुलगी विसरली नव्हती.

माझे वडील जिनिंगमध्ये मुनीम होते. लाल कापडी बांधणीची लांब वही, डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. त्यांना हा किस्सा सांगितला तर म्हणाले, "नावेच टाकलं नाहीस, तर जमा कशात करशील?" तेव्हापासून कुठल्याही मालिकेत खलनायक आला की मी एक खरीखुरी वही घालतो. भागागणिक लिहायचं: याने काय मोडलं, कोणाचं मोडलं, ते पडद्यावर दिसलं का. पडद्यावर दिसलेल्या ओळींखाली रेघ. सुधारणेचा भाग लिहायची वेळ आली की आधी ती वही उघडायची.

काल रात्री तुमच्या शोषची वही घातली. सगळी इथे देत नाही, पण चार ओळी बघा. दुसऱ्या भागात शाळेचा हातपंप कोरडा. चौथ्यात एका जोडप्याची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, उभीच्या उभी जळाली. ते दोघं बांधावर उभे आहेत, काही बोलत नाहीत, आणि तो तुमच्या मालिकेतला सगळ्यात सुंदर शॉट आहे. सहाव्यात टँकरच्या रांगेतली ढकलाढकली, पोटुशी बाई घागरीसकट पडते. नवव्यात वाघूरची जिवाची मैत्रीण घरच्यांबरोबर अमळनेर स्टेशनावरून सुरतेच्या गाडीत बसते, कारण शेत संपलं.

ती मैत्रीण परत आलीच नाही. तुमच्या मालिकेत तिचा नंतर उल्लेखसुद्धा नाही. आणि पंधराव्या भागात त्याच घरात, ती नेहमी जिथे बसायची त्या खांबाशेजारी, शोष जेवायला बसलाय. तुमच्या लक्षात आलं नसेल. बॅकग्राउंड तेच वापरलंय तुम्ही. बघणाऱ्याच्या पोटात मात्र कुठेतरी टोचतं, आणि मग तो खाली "फुकटात सुटला" लिहून मोकळा होतो.

रोटांचंही तसंच. बाहेरच्या प्रेक्षकाला ती नुसती सणाची पंगत वाटेल. आपल्याकडे बहुतेक घरांत कानबाईचे रोट घरचे आणि भाऊबंद यांनीच खायचे असतात. शेजारी कितीही सख्खा असला तरी त्याच्या ताटात ते जात नाहीत. तुम्ही दोघं खान्देशी, म्हणून नकळत हाताशी असलेला सगळ्यात मोठा मान उचलून शोषला देऊन टाकला. रडल्यापासून दोन मिनिटांत तो भाऊबंद झाला. पुणेकर प्रेक्षकाला हे कदाचित खटकलं नसतं. धरणगाव-पारोळ्याच्या माणसाला खटकणारच.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो.

मागची गोष्ट आधी पेरावी का? पेरा, चांगलंच आहे, पण तिच्याकडून चुकीच्या कामाची अपेक्षा धरू नका. १९९२ ची बॅटमॅनची अ‍ॅनिमेशन मालिका घ्या. तिच्यातला मिस्टर फ्रीझ हा कॉमिक्समध्ये १९५९ पासून असलेला, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा, खरं तर जरा हास्यास्पदच चोर. मालिकेने त्याला एक आजारी, गोठवून ठेवलेली बायको दिली, आणि एका भागात त्याचं सगळं वजनच बदललं. पण त्या भागाच्या शेवटी काय होतं? तो पकडला जातो आणि कोठडीत एकटा बसतो. आपल्याला त्याचं दुःख कळलेलं असतं, त्याची सुटका झालेली नसते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवे लेखक हमखास त्यांची गल्लत करतात. धरणाची गोष्ट सांगून तुम्ही शोष असा का झाला ते सांगितलंत. त्याने कांदेबाग जळालेल्या जोडप्याचं काही फिटत नाही. उलट ते म्हणतील, तुझं गाव पाण्याने नेलं, आमचं तू नेलंस, मग फरक काय? हा प्रश्न त्यांच्या तोंडी घालाच, फार ताकदीचा होईल. हतनूर धरणाच्या वेळी उठलेली गावं आठवणारी माणसं अजून आपल्या आसपास आहेत. ती हे बोलणं मन लावून ऐकतील.

मारून टाकावं का? शक्यतो नको. मरण हा लेखकाचा आळस असतो, असं माझं मत आहे. मीही दोनदा केलाय. माणूस मेला की वही बंद होते, कोणी तगादा लावत नाही. पॅरिसमधल्या लेडीबगच्या मालिकेत पाच सीझन शहराला छळणारा खलनायक शेवटी जीव देतो आणि शहर त्याचा पुतळा उभारतं; त्याच्या मुलाला खरं काय ते कळतच नाही. त्या शेवटावरून चाहते आजही भांडतात, आणि भांडणाचं मूळ तेच आहे: ज्यांच्या नावावर येणं बाकी होतं त्यांना कोणी विचारलं नाही. शोष जगायला हवा. सकाळी उठून त्याच गावातून चालत जायला हवा.

तिथून खरा प्रश्न सुरू होतो: माफ कोणी करायचं? तुमच्याकडे वाघूर करते. तिला तो हक्क आहे, पण तिच्यापुरताच. भाऊ तिचा वाचला, तिने तेवढं सोडावं. कांदेबाग तिची नव्हती. दहा गावांच्या वतीने तिने परस्पर माफी देऊन टाकली, यात तीही थोडी लहान झाली. हे कोणी लिहिलेलं नाही, पण मला शोषपेक्षा वाघूरची जास्त काळजी वाटली. पहिल्या भागापासून ती पटकन रागावणारी, पटकन विरघळणारी आहे. पंधराव्यातही तशीच. खलनायकाच्या सुधारणेत नायिकेला काही शिकावं लागलं नाही, तर निम्मा माल वाया गेला. सोळाव्या भागात त्या जोडप्यातली बाई तिला एवढंच म्हणू दे: "तू कोण गं माफ करणारी?" आणि वाघूरला उत्तर सुचू देऊ नका.

सुपरहिरोच्या गोष्टीत आणखी एक गाठ असते, ती साध्या गोष्टीत नसते. शक्तीचं काय करायचं? बरेच जण सुधारणेबरोबर शक्ती काढून घेतात. मंतरलेला दगड फुटतो, हात साधा होतो, तो आता तुमच्या-आमच्यासारखा. ही चूक करू नका. आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय ती गोष्ट, सोन्याचं कडं दाखवत तळ्याकाठी बसलेल्या म्हाताऱ्या वाघाची. दात-नखं गेल्यावर वाघ शाकाहारी झाला तर त्यात कौतुक कसलं? शोषच्या तळहातात ती ओढ कायम राहायला हवी. जमिनीवर हात टेकून उठतानासुद्धा त्याला जपावं लागेल, चुकून पाणी खेचलं जाईल म्हणून. कोणी पायऱ्यांवर बसायला सांगितलं तर तो हात मांडीवर ठेवेल. अ‍ॅनिमेशनमध्ये हे फुकटात मिळतं: एक छोटी लकब, हात मुठीत, अंगठा आत. संवाद लागत नाही, मुलांना तिसऱ्या वेळी आपोआप कळतं.

शक्ती शाबूत ठेवली की तुम्हाला सगळ्यात मोलाचा प्रसंग लिहिता येतो. विहिरीचा प्रसंग भव्य आहे, पण तिथे सोपं होतं: मूल मरतंय, सगळं गाव बघतंय, अशा वेळी कोणीही चांगलं वागेल. सुधारणा पटते ती कोणी बघत नसताना, आणि पहिल्या वेळी जी निवड चुकली होती तीच परत समोर आल्यावर. तुमच्याकडे तो प्रसंग आयता पडून आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर वर्षागणिक खोल खोल चाललेत, ते काही शोषने केलेलं नाही. आपणच मोटारी लावून केलंय. तर एका रात्री गावातलाच एक बरा माणूस, सगळ्यांना ओळखीचा, शोषच्या झोपडीशी येऊ दे. हळूच म्हणू दे, "तुझ्या हातात कला आहेच ना भो. शेजारच्या बोअरचं जरा माझ्याकडे वळवून दे. कोणाला कळणार आहे?" वर पैसेही देऊ दे. शोष काय करतो, हे फक्त प्रेक्षक पाहतील. वाघूरला कळणार नाही, गावाला कळणार नाही. तुमच्या पंधरा भागांपेक्षा त्या दोन मिनिटांवर लोक जास्त विश्वास ठेवतील. शिवाय खलनायक गेल्यावर आता भांडण कोणाशी, हा तुमचा न विचारलेला प्रश्नही तिथेच सुटतो. आकाशातून आणखी मोठा राक्षस आणायची गरज राहत नाही.

आणि एकदा त्याला घसरू द्या. अवतार ही मालिका (२००५ ते २००८, ६१ भाग, काटेकोरपणे सुपरहिरोची म्हणता येणार नाही, पण या कामाचा धडा म्हणून आम्ही सगळेच तिच्याकडे जातो) तुम्ही पाहिली असेलच. त्यातला राजपुत्र झुको पहिल्या भागापासून नायकाच्या मागावर असतो. दुसऱ्या सीझनच्या अखेरीला त्याला बाजू बदलायची सरळ संधी मिळते. प्रेक्षक श्वास रोखून बसलेले, आणि तो सख्ख्या काकाला सोडून बहिणीच्या बाजूने लढतो. मग त्याला जे जन्मभर हवं होतं ते मिळतं: घर, बापाची शाबासकी. ते हातात आल्यावर त्यात काही नाही हे त्याला कळतं. म्हणजे लेखकांनी त्याचा मोह नुसता नाकारायला लावला नाही, तो आधी पुरा करून दाखवला. नंतर तो नायकांच्या टोळीकडे जातो तर ते हाकलतात, आणि भरीस भर म्हणजे त्याच्या आगीने चुकून त्यांच्यातल्याच एका आंधळ्या मुलीचे पाय भाजतात. टोळीतली एक मुलगी तर आणखी काही भाग त्याला जवळ करत नाही. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांना हे ठाऊकच होतं: मन म्हणजे उभ्या पिकातलं ढोर, कितीदा हाकललं तरी फिरून पिकावर येणारं. शोषही एकदा तरी फिरून येऊ दे. रागाच्या भरात, एखाद्याने त्याच्या बुडालेल्या गावावरून टोमणा मारल्यावर, हात जमिनीला लागू दे. ती नवी ओळही वहीत नावे पडेल.

किती भाग, याचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे, आणि इथे मी ठोकून काही सांगणार नाही. तुमचे प्रेक्षक भाग ओळीने बघत असतील तर लांब वळण घेता येतं. टीव्हीसाठी लिहिताना आमच्यावर वर्षानुवर्षं बंधन असायचं की कुठलाही भाग कुठल्याही दिवशी लागेल, म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे परत यायला हवं. त्या चौकटीत कोणाला सुधारताच येत नाही. सोमवारी सुधारलेला मंगळवारी जुन्या भागात परत विहिरी आटवणार. तुमची अडचण थोडी तशीच आहे: यूट्यूब बारावा भाग आधी दाखवतं आणि चौथा नंतर. म्हणून शोषची अवस्था प्रत्येक भागात पहिल्या दहा सेकंदांत डोळ्यांना कळेल अशी एखादी खूण ठेवा. मुठीत धरलेला हात त्याला पुरेल. कपडे मात्र बदलू नका. मी त्या वादळवाल्याचा काळा झगा पांढरा केला होता, तर त्याच हॉलमध्ये एका पोराने विचारलं, "हा त्याचा भाऊ का?" आवाजही तोच राहू दे, घोगरा, खरखरीत. चांगलं बोलायला त्याला गोड गळा लागत नाही.

सगळेच खलनायक सुधारता येतात का, तर नाही. शक्तिमान आमच्या पिढीने १९९७ पासून दूरदर्शनवर पाहिला. त्यातला किल्विष हा माणूस नव्हताच, तो अंधारच होता. अंधाराला पश्चात्ताप कसा होणार? तुमचा शोष सुरुवातीच्या चार भागांत असाच अंधार होता. चेहरा नाही, नाव दुष्काळाचं, बोलतो कमी. मग पाचव्यात तुम्ही त्याला एकदा कुत्र्याला भाकरी टाकताना दाखवलंत. तिथे तो माणूस झाला. मुद्दाम केलं असेल तर शाबास, चुकून झालं असेल तर त्याहून शाबास.

वेळ कसा दाखवायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या खरं कामी येईल ते हेच. आपल्याकडची सुधारणेची सगळ्यात जुनी गोष्ट वाल्याची. तिच्यात तंत्राच्या दोन गोष्टी आहेत, त्या कीर्तनात ऐकताना लक्षात येत नाहीत. एक, वाल्या स्वतःच वही ठेवतो: दर खुनामागे एक खडा, असे सात रांजण. नारद उपदेश करत नाही, एक हिशेबाचाच प्रश्न विचारतो, तुझ्या पापात घरचे वाटेकरी होणार का? आणि दोन, तप किती वर्षं चाललं ते सहसा कोणी आकड्यात सांगत नाही, अंगावर वारूळ चढलं म्हणतात. एकच चित्र, वर्षं आपोआप गेली. अ‍ॅनिमेशनवाल्याला याहून स्वस्त आणि मस्त काय हवं? (त्या गोष्टीत एक सोय मात्र होती, ती तुम्हाला नाही. वाल्याने लुटलेल्यांचे चेहरे आपण कधी पाहिलेलेच नसतात.)

तुमचं वारूळ केळीचं करा. शोष त्या जळालेल्या बागेत जातो. माफी मागत नाही. नवऱ्याचं त्याच्याकडे लक्षही नाही. बाई वर न बघता म्हणते, "ड्रिपर चोक झालेत." आणि एक पिन त्याच्या हातात देते. बस. तो ठिबकच्या नळीशेजारी उकिडवा बसून एकेक भोक मोकळं करत जातो, डावा हात मुठीत, जमिनीला लागणार नाही असा. पुढचे भाग कुठल्याही विषयावर असू देत, प्रत्येकात तीन-चार सेकंद ही बाग येऊ दे, तेच बॅकग्राउंड, तोच कोन. आधी नुसती काळी जमीन आणि नळ्या. मग गुडघ्याएवढी रोपं. मग त्याच्या डोक्याच्या वर गेलेली पानं. लावणीपासून निसवणीपर्यंत आठेक महिने जातात, हे आपल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. घड बाहेर पडलेला दिसला की तो मनातल्या मनात महिने मोजतो. पाच-सहा चित्रांत तुमचं काम झालं. दोघंच आहात, तेवढं परवडेल.

पंगतीच्या ऐवजी शेवटी काय, ते तुम्हीच ठरवा. मी फक्त मला दिसलेलं सांगतो. ज्याने गावाचं पाणी ओढून नेलं, त्याला गावात प्यायला पाणी कसं मिळतं, यावर सगळी मालिका तोलता येईल. एक सावधगिरी बाळगा. गावाने एखाद्याला पाणी नाकारण्याला आपल्याकडे फार जुना आणि फार वाईट इतिहास आहे. ते चित्र नकळतही काढू नका. नाकारणारं गाव दाखवू नका. मागायची हिंमत नसलेला शोष दाखवा. तो रोज स्वतःची बाटली घेऊन येतो, तापीवरून भरलेली, कोमट झालेली. महिनोन् महिने. आणि एका भागात, अगदी भलत्याच गडबडीत, बाई जाता जाता माठातलं पाणी त्याच्या बाटलीत ओतते आणि पुढे निघून जाते. त्याच्याकडे बघतही नाही. पार्श्वसंगीत नको. तो बाटलीकडे बघतो, पीत नाही, तिथेच कट. ही सूचना म्हणून घ्या. बाई तुमची, माठ तुमचा.

मैत्रिणीचं काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. सुरतेत तिच्या बापाला काम लागलं असेल, ती तिथल्या शाळेत रुळली असेल. शोषने विहिरी भरल्या म्हणून ती परत येईलच असं नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं. वहीतली एखादी ओळ न फिटता राहिली तरी चालते. फक्त ती तुम्हाला ठाऊक आहे, हे प्रेक्षकाला कळायला हवं. वाघूरने तिला फोन करावा, शोष सुधारला म्हणून सांगावं, आणि पलीकडून ती थोडा वेळ काहीच बोलू नये. मग म्हणावं, "बरं." आणि शाळेचं काहीतरी सांगायला लागावं.

पंधरावा भाग काढून टाकू का, असंही तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. काढू नका. तो घडून गेला. सोळावा त्याच पंगतीत सुरू करा, दोन सेकंद नंतर: कोणीतरी उठून बाहेर जातं, ताट तसंच ठेवून. कोण ते तुम्ही ठरवा. कांदेबागवाला असेल तर उत्तम, तो तिथे असण्याचं कारण तेवढं शोधा; वाघूरचा चुलता केलात तर रोटांचाही प्रश्न सुटतो.

आणि विहिरीच्या सीनबद्दल एक बारीक गोष्ट. शोष पाणी सोडतो तेव्हा काठावर दोर घेऊन गावातली चार माणसं उभी आहेत, पण ती काहीच करत नाहीत. पाण्यावर तरंगून वर आलेल्या पोराला तेच दोर टाकून काठावर घेतात, असं असतं तर पहिल्यांदाच शोष आणि गाव एका कामाला लागले असते. झालं ते झालं. सोळाव्याचा स्टोरीबोर्ड तयार झाला की पाठवा. कच्चा असला तरी चालेल, पेन्सिलचा, मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा.